सोळा आठवड्यांचे ग्रेट डेन पिल्लू: वळलेले पंजे, जास्तीचे कॅल्शियम आणि संथ वाढीचा हिशेब

ग्रेट डेन जातीचे एक नर पिल्लू वयाच्या सोळाव्या आठवड्यात माझ्याकडे तपासणीसाठी आले, तेव्हा त्याचे वजन २९ किलो भरले. घरच्यांनी त्याचे नाव शेरा ठेवले होते. दोन आठवड्यांपासून तो पुढच्या डाव्या पायाने किंचित लंगडत होता, विशेषतः झोपेतून उठल्यावर, आणि त्याचे पुढचे दोन्ही पंजे हळूहळू बाहेरच्या बाजूला वळू लागले होते. दुसरी तक्रार वागणुकीची होती. घरी आलेल्या प्रत्येकाच्या अंगावर तो झेप घेत असे, हात आणि कपडे तोंडात धरत असे, पट्टा लावला की माणसाला ओढत नेत असे आणि रस्त्यावर दुसरे कुत्रे दिसले की भुंकत मागे सरकत असे. या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे घरच्यांना वाटत नव्हते, आणि पहिल्या भेटीत मलाही तो पुरेसा दिसला नाही. या प्रकरणात कोणीही पिल्लाची हेळसांड केलेली नव्हती. त्याला जे नडले ते मायेने आणि मोजमाप न करता दिलेले जास्तीचे खाणे होते, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडणे मला गरजेचे वाटते.

पार्श्वभूमी

घरात पती-पत्नी, त्यांची नऊ वर्षांची मुलगी आणि आजोबा अशी चार माणसे होती. शेरा आठव्या आठवड्यात या घरी आला तेव्हा तो साडेआठ किलोचा होता. ज्यांच्याकडून त्याला आणले, त्यांनी ‘एवढ्या मोठ्या जातीच्या हाडांना ताकद लागते’ असे सांगून हाडांची भुकटी रोज देण्याचा सल्ला दिला होता. घर पहिल्या मजल्यावर होते, मधे अठरा पायऱ्या होत्या आणि शौचासाठी त्याला दिवसातून सहा-सात वेळा खाली न्यावे लागत असे. घरातली फरशी गुळगुळीत होती. संध्याकाळी लांबट खोलीत चेंडू फेकून त्याला दमवण्याचा क्रम ठरून गेला होता. लसीकरण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ आत्तापर्यंत, त्याला खालच्या अंगणापलीकडे नेलेले नव्हते आणि दुसऱ्या कुत्र्यांशी त्याची गाठ पडलेली नव्हती.

खाण्याबद्दल विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “डॉक्टर, त्याला कधी उपाशी ठेवलेले नाही. वाडगे रिकामे दिसले की आम्ही भरतो.” मी त्यांना पुढचे तीन दिवस जे जे पोटात जाईल ते ते वजन करून लिहून ठेवायला सांगितले. पिल्लाच्या आहाराची चौकशी करताना आठवणीवर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे. घरातले प्रत्येक माणूस स्वतः दिलेले तेवढेच सांगते आणि खरा आकडा त्या सगळ्यांच्या बेरजेत असतो.

तपासणी

शरीराचे तापमान ३८.७ अंश सेल्सिअस, म्हणजे स्वाभाविक होते. भूक आणि उत्साह उत्तम होता. कुत्र्यांची शारीरिक स्थिती १ ते ९ या मोजपट्टीवर ठरवतात आणि त्यात ४ ते ५ हा योग्य गुणांक मानतात. शेराचा गुणांक ७ होता. फासळ्या शोधण्यासाठी बोटे दाबावी लागत होती आणि वरून पाहिले असता कंबरेची खोबण दिसत नव्हती. घरच्यांच्या लेखी हे सुदृढ पिल्लाचे लक्षण होते. पिल्लू गुबगुबीत असावे ही समजूत लहान जातींतही फारशी हिताची नाही, पण जे पिल्लू दीड वर्षात साठ किलोंवर जाणार आहे त्याच्या बाबतीत ती थेट सांध्यांना भोवते.

पुढचे पाय समोरून पाहिले तेव्हा दोन्ही मनगटे आतल्या बाजूला झुकलेली आणि पंजे बाहेर वळलेले दिसत होते. डाव्या पायाचा कल साधारण १२ अंश होता, उजव्याचा त्याहून थोडा कमी. मनगटांशी गाठीसारखा जाडपणा होता. येथे एक खुलासा हवा: मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांची मनगटे काहीशी गाठाळ दिसणे स्वाभाविक असते, कारण तेथील वाढीच्या पट्ट्या, म्हणजे हाडांच्या टोकांजवळचे, जेथून हाड लांबीला वाढते ते कूर्चेचे (मऊ, लवचिक ऊतीचे) थर, रुंद असतात, आणि तेवढ्यावरून घाबरून औषधे सुरू करणे चुकीचे ठरते. शेराच्या बाबतीत मात्र लंगडणे आणि वाढता कल या दोन गोष्टी सोबत होत्या, म्हणून एक्स-रे काढणे आवश्यक होते.

लंगडण्याच्या इतर कारणांचाही विचार केला. मोठ्या जातींत तीन ते सहा महिन्यांच्या वयात वाढीच्या पट्ट्यांजवळ दाह होणारा एक आजार होतो. त्यात ताप असतो, मनगटे गरम आणि अतिशय दुखरी होतात आणि पिल्लू उठायलाही तयार नसते. तसे येथे काही नव्हते. लांब हाडांच्या पोकळीतील दाहाला पॅनोस्टायटिस म्हणतात. तो बहुधा पाच महिन्यांनंतर दिसतो, एका पायातून दुसऱ्या पायात फिरतो आणि हाडाच्या मधल्या भागावर दाबले की पिल्लू पाय ओढून घेते. शेराने तसा पाय ओढला नाही. खांद्याचा सांधा पूर्ण मागे-पुढे करून पाहिला, तेथेही वेदना नव्हती.

एक्स-रेमध्ये उत्तर होते. कुत्र्याच्या पुढच्या पायाच्या खालच्या भागात रेडियस आणि अल्ना ही दोन हाडे शेजारी-शेजारी असतात. अल्नाच्या मनगटाकडील टोकाची वाढीची पट्टी शंकूच्या आकाराची असते आणि त्या हाडाची बहुतांश लांबी या एकाच पट्टीतून वाढते. शेराच्या दोन्ही पायांत, त्या शंकूच्या वर, जेथे पांढरे घट्ट हाड दिसायला हवे होते तेथे मेणबत्तीच्या ज्योतीसारखा एक काळसर निमुळता भाग होता. डावीकडची ज्योत जवळजवळ तीन सेंटिमीटर उंच होती. ती कूर्चा होती. तिचे हाड व्हायचे राहून गेले होते. अल्ना अशी मागे पडली आणि रेडियस आपल्या गतीने वाढत राहिली की, शेजारच्या आखूड हाडाने धनुष्याच्या दोरीसारखे ओढून धरल्याने, रेडियस वाकते आणि पंजा बाहेर वळतो. समाधानाची बाब एवढीच होती की वाढीची पट्टी कोठेही बंद झालेली नव्हती. ती अकाली बंद झाली असती तर शस्त्रक्रियेचा विचार लगेच करावा लागला असता, कारण राहिलेल्या वाढीचा फायदा करून घेण्याची मुदत फार थोडी असते.

आहाराचा हिशेब

तीन दिवसांनी वही आली. रोज सरासरी ७०० ग्रॅम कोरडे पिल्लू-खाद्य, अर्धा लिटर दूध, दोन उकडलेली अंडी, काही बिस्किटे आणि दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे २० ग्रॅम, हाडांची भुकटी. एकूण उष्मांक साधारण ३२०० किलोकॅलरी भरले. कॅल्शियम मोजले तेव्हा कोरड्या खाद्यातून साडेदहा ग्रॅम, भुकटीतून जवळजवळ सहा ग्रॅम आणि दुधातून अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक, असे सुमारे १७ ग्रॅम निघाले. म्हणजे दर १००० किलोकॅलरींमागे पाच ग्रॅमांहून जास्त. अमेरिकेतील पशुखाद्याचे निकष ठरवणारी आफको ही संघटना, प्रौढपणी ३२ किलो किंवा त्याहून जड होणाऱ्या जातींच्या पिल्लांसाठी, दर १००० किलोकॅलरींमागे साडेचार ग्रॅम कॅल्शियम ही कमाल मर्यादा मानते. शेराचे कोरडे खाद्य स्वतःपुरते या मर्यादेत होते. मर्यादा ओलांडली ती भुकटीने, आणि अतिरिक्त खाण्यामुळे कॅल्शियमचे एकूण प्रमाणही वाढत गेले.

आजोबांनी विचारले, “पण डॉक्टर, जास्तीचे कॅल्शियम शरीर बाहेर टाकत नाही का?” हा प्रश्न अगदी नेमका होता. प्रौढ कुत्र्याचे आतडे गरजेनुसार कॅल्शियमचे शोषण कमी-जास्त करते. पिल्लाला मात्र साधारण सहा महिन्यांपर्यंत ही क्षमता पुरेशी आलेली नसते. खाद्यात जेवढे कॅल्शियम जास्त, तेवढे रक्तात जास्त उतरते. मग कॅल्सिटोनिन हे संप्रेरक वाढते, हाडांची अंतर्गत झीज आणि पुनर्रचना मंदावते आणि कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याची क्रिया अडखळते. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात हाझेविंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेट डेन पिल्लांवरच याचा अभ्यास केला आणि तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. काही पिल्लांच्या खाद्यात १.१ टक्के, तर काहींच्या खाद्यात ३.३ टक्के कॅल्शियम होते, आणि जास्त कॅल्शियमच्या गटात कूर्चेचे व हाडांच्या वाढीचे गंभीर दोष निर्माण झाले. हाडे मजबूत व्हावीत म्हणून दिलेली वस्तूच हाड घडू देत नाही, हे आजोबांना पटायला वेळ लागला, आणि त्यात नवल नाही. सामान्य तर्क उलटाच चालतो.

घरच्यांनी आणखी एक शंका काढली होती, ती प्रथिनांची. जास्त प्रथिनांमुळे मोठ्या जातींची हाडे बिघडतात असे त्यांच्या वाचनात आले होते आणि म्हणून त्यांनी मांस बंद केले होते. उट्रेख्तमध्येच १९९१ च्या सुमारास ग्रेट डेन पिल्लांना सुमारे १५ ते ३२ टक्के प्रथिनांचे वेगवेगळे आहार देऊन पाहिले गेले आणि जास्त प्रथिनांमुळे सांगाड्यात दोष आढळले नाहीत. बाधते ते जास्तीचे कॅल्शियम आणि जास्तीचे एकूण उष्मांक. प्रथिनांवर उगाच दोष येतो.

उष्मांकांबाबत लॅब्रॅडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांचा दीर्घ अभ्यास मी घरच्यांना सांगितला. त्यांच्या जोड्या लावून, जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाद्य आयुष्यभर दिले गेले. कमी खाणाऱ्या गटात नितंबाच्या सांध्यांचे दोष कमी दिसले, आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटाचे मध्यक आयुष्य १३.० वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे होते. पिल्लाची अखेरची उंची मुख्यत्वे आनुवंशिकतेने ठरते. जास्त खाऊ घातल्याने ती लवकर गाठली जाते आणि कच्च्या हाडांवर वजन आधी येऊन पडते, एवढाच फरक होतो. शेराच्या घरच्यांना मला सर्वांत आधी हेच समजावून द्यायचे होते, कारण हे पटल्याशिवाय पुढची कोणतीही सूचना त्या घरात टिकली नसती.

योजना

हाडांची भुकटी, दूध आणि बिस्किटे त्याच दिवशी बंद केली. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व असलेले कोणतेही पूरक द्यायचे नाही असे लिहून दिले. खाद्य बदलून मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचे, १.१ टक्के कॅल्शियम असलेले, निवडले आणि पोट बिघडू नये म्हणून हा बदल आठ दिवसांत टप्प्याटप्प्याने करायला सांगितला. प्रौढ कुत्र्याचे खाद्य द्यावे का, असे त्यांनी विचारले होते. ते मी नाकारले. त्यात उष्मांक कमी असतीलच असे नाही, आणि पिल्लाच्या गरजेसाठी ते बनवलेले नसल्याने कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण बिघडण्याची शक्यता राहते.

मात्रा ठरवताना त्याचे योग्य वजन २६ किलो धरले. विश्रांतीतील उष्मांकांची गरज काढण्यासाठी किलोतील वजनाचा ०.७५ हा घात घेऊन त्याला ७० ने गुणतात. २६ किलोंसाठी ती सुमारे ८०० किलोकॅलरी येते. चार महिन्यांपर्यंत याच्या तिप्पट आणि त्यानंतर दुप्पट, असा ढोबळ नियम आहे. शेरा नेमका या दोन टप्प्यांच्या सीमेवर होता, म्हणून अडीचपट, म्हणजे २००० किलोकॅलरी धरले. नव्या खाद्यात ते ५४० ग्रॅम भरत होते आणि त्यातून कॅल्शियम सुमारे सहा ग्रॅम मिळणार होते. हे सूत्र सुरुवातीसाठीच असते. त्यानंतर दर आठवड्याचे वजन आणि फासळ्यांवरून फिरवलेला हात यांनीच मात्रा ठरते. या ५४० ग्रॅमांपैकी ६० ग्रॅम रोज सकाळी वेगळ्या डब्यात काढून ठेवायचे आणि शिकवताना बक्षीस म्हणून तेच वापरायचे, असे ठरले. उरलेले तीन जेवणांत विभागले.

घरच्यांनी नुकतीच वाडगे उंचावर ठेवण्याची घडवंची आणली होती. खोल छातीच्या जातींत पोट फुगून पिळा पडण्याचा जीवघेणा धोका असतो आणि उंच वाडग्याने तो टळतो अशी समजूत आहे. पर्ड्यू विद्यापीठातील २००० सालच्या अभ्यासात मोठ्या व महाकाय जातींमध्ये उंच वाडग्यांशी हा धोका उलट वाढलेला आढळला होता. म्हणून वाडगे जमिनीवरच ठेवायला सांगितले आणि जेवणाच्या आगेमागे धावपळ टाळायला सांगितले.

गुळगुळीत फरशीवर तो जेथे जेथे वावरत असे तेथे न घसरणाऱ्या चटया अंथरल्या. चेंडूमागे धावणे, एकदम वळणे आणि उड्या बंद. पायऱ्या पूर्ण टाळणे शक्य नव्हते, कारण २९ किलोंचे पिल्लू रोज सहा वेळा उचलून नेणे कोणाच्याही पाठीला झेपणारे नाही. म्हणून पोटाखालून हार्नेसचा, म्हणजे अंगाभोवती बांधायच्या पट्ट्यांचा, आधार देऊन, एकेक पायरी, सावकाश उतरवायचे ठरले. नॉर्वेमध्ये न्यूफाउंडलँड, लॅब्रॅडॉर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या जातींच्या पिल्लांचा पाठपुरावा करून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या तीन महिन्यांत रोज पायऱ्या वापरणाऱ्या पिल्लांमध्ये नितंबाच्या सांध्यांचे दोष अधिक आढळले होते, आणि मऊ, चढ-उताराच्या मोकळ्या जमिनीवर स्वतःच्या मर्जीने हिंडणाऱ्या पिल्लांमध्ये ते कमी आढळले होते. या निष्कर्षाचा पहिला अर्धा भाग मी अमलात आणला आणि दुसऱ्याकडे माझे दुर्लक्ष झाले.

पहिल्या तीन आठवड्यांतील चूक

मी लंगडणे थांबेपर्यंत सक्त विश्रांती सांगितली होती. दिवसातून सहा वेळा शौचापुरते खाली, बाकी वेळ खोलीत. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी घरच्यांचा फोन आला. शेराने दाराच्या चौकटीचा कोपरा कुरतडून काढला होता, संध्याकाळी तो मुलीच्या पायांवर झडप घालत होता आणि तिच्या दंडावर दातांचे ओरखडे उठले होते. मुलगी त्याच्या खोलीत जायला घाबरू लागली होती. आईच्या आवाजात थकवा होता. “डॉक्टर, पाय बरा होईल हो, पण तोवर हा आमच्या घरात राहील का?”

त्या प्रश्नाने मला माझी चूक दिसली. हाडांना हिसके बसू नयेत एवढाच विश्रांतीचा हेतू होता. मी मात्र चार महिन्यांच्या, दात येणाऱ्या, जग पाहायला आतुर झालेल्या जिवाचा सगळा दिवस रिकामा करून ठेवला होता. या वयात दुधाचे २८ दात पडून कायमचे ४२ दात येत असतात आणि हिरड्या सतत शिवशिवतात. त्यातच खाणे कमी केलेले. शिवाय कुत्र्याच्या पिल्लाचा नव्या गोष्टी सहज स्वीकारण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा असतो, आणि तो काळ शेराने चार भिंतींत काढला होता. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यकांच्या अमेरिकी संघटनेने २००८ मध्येच असे सांगितले आहे की पहिली लस आणि जंतनाशक दिल्यावर किमान सात दिवसांनी, म्हणजे सातव्या-आठव्या आठवड्यापासून, पिल्लाला स्वच्छ जागी, लसीकरण झालेल्या कुत्र्यांच्या सहवासात शिकवायला सुरुवात करावी. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला कोंडून ठेवण्याचा सल्ला आजही सर्रास दिला जातो. साथीच्या रोगांची भीती खरी आहे, परंतु घाबरट आणि अनावर झालेला मोठा कुत्रा घरात टिकत नाही, ही भीतीही तितकीच खरी आहे. शेराला उचलून, मांडीवर घेऊन, गाडीत बसवून जग दाखवता आले असते. तेव्हा तो साडेआठ किलोंचा होता.

मी योजना बदलली. दिवसातून तीनदा, बारा-पंधरा मिनिटे, सैल पट्ट्यावर मऊ मातीच्या जागी संथ फिरणे, आणि वेग व दिशा शक्य तेवढी त्याला ठरवू देणे. वयाच्या प्रत्येक महिन्यामागे पाच मिनिटे, असा एक नियम फार प्रचलित आहे. त्याला संशोधनाचा पाया नाही, आणि मी घड्याळापेक्षा पिल्लाच्या चालीकडे पाहायला सांगतो. सकाळच्या जेवणातील मूठभर दाणे गवतात विखरून शोधायला लावणे, चावण्यासाठी दातांना इजा न करणारी रबरी वस्तू, आणि दुपारी अंथरुणावर शांत पडून राहण्याचा सराव. वास घेत शोधण्याच्या दहा मिनिटांनी शेरा ज्या समाधानाने झोपत असे, तसा तो चेंडूच्या अर्ध्या तासानेही झोपत नव्हता, असे आजोबांनी स्वतःहून नोंदवून ठेवले. हा बदल केल्यावर चौथ्या दिवसापासून कुरतडणे कमी झाले.

शिकवण

शेराच्या गळ्यात आवळणारी साखळी होती. ती काढून छातीपुढे कडी असलेले हार्नेस वापरायला सांगितले. साखळीने ओढ थांबत नव्हती. मानेवर ताण येत होता आणि ओढताना तो पुढचे पंजे फाकवून जमिनीत रोवत असे, म्हणजे दुखऱ्या मनगटांवर अगदी नको त्या दिशेने भार पडत होता. पट्टा ताणला की थांबायचे, सैल झाला की डब्यातला एक दाणा पायाशी देऊन पुढे निघायचे, एवढेच शिकवले. पहिल्या दिवशी वीस पावलांना अकरा मिनिटे लागली. हा धीर घरात सर्वांत जास्त आजोबांकडे होता, म्हणून हे काम त्यांनी घेतले.

अंगावर झेप घेण्याची सवय सोडवायला मात्र दोन महिने गेले. घरचे त्याला दोन्ही हातांनी ढकलत होते आणि तो ढकलण्यालाच खेळ समजत होता. ओरडले की उत्साह आणखी वाढत असे. आम्ही असे केले: दार उघडण्याआधी पट्टा लावायचा आणि त्याला उभे राहता-बसता येईल पण उडी मारता येणार नाही एवढा सैल ठेवून तो पायाखाली धरायचा, येणाऱ्याने आत येताच तीन-चार दाणे जमिनीवर टाकायचे, म्हणजे त्याची नजर वर जाण्याऐवजी खाली जाईल, चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच हात लावायचा. ‘बस’ हा शब्द मुलगी घरात आधीच शिकवत होती, तो दारापर्यंत आणायला तीन आठवडे लागले. जी लाडिक उडी १० किलोंच्या पिल्लाला शोभते तीच ६० किलोंच्या कुत्र्याने मारली तर म्हातारे माणूस खाली पडते. म्हणून मोठ्या जातीत लाडाचे नियम पहिल्या दिवसापासून प्रौढ वजन डोळ्यांपुढे ठेवून ठरवावे लागतात.

दुसऱ्या कुत्र्यांची भीती अंतरावर काम करून हाताळली. कुत्रा दिसेल पण शेरा भुंकणार नाही इतक्या अंतरावर उभे राहायचे, तो पाहील तेव्हा दाणा द्यायचा आणि भीती वाढण्याआधीच निघून यायचे. सुरुवातीला ते अंतर चाळीस पावले होते.

येथे एका छोट्या गोष्टीचा मला फार उपयोग झाला. मनगट हातात घेतले की शेरा पाय ओढून घेत असे, त्यामुळे कल मोजणे अवघड जात होते आणि नखे कापणे तर अशक्यच होते. नखे वाढून पंजाची ठेवण आणखी बिघडत होती. मी मुलीला त्याची हनुवटी तिच्या तळहातावर टेकवून घ्यायला शिकवले: हनुवटी टेकलेली असेल तोवर आई पंजा धरणार, हनुवटी उचलली की पंजा लगेच सोडणार. पाचव्या दिवशी त्याने स्वतःहून येऊन मुलीच्या हातावर हनुवटी ठेवली आणि डावा पंजा पुढे केला. थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे आल्यावर त्याने तो फारसा वापरला नाही. त्याच पिल्लाला घाबरणारी मुलगी त्या आठवड्यापासून रोज त्याच्या खोलीत बसू लागली.

वजनाची उडी

पहिल्या चार आठवड्यांत वजन २९ वरून ३१ किलोंवर गेले, म्हणजे वाढ चालू राहिली आणि चरबी उतरली. पाचव्या आठवड्यात मात्र एकदम अडीच किलो वाढले. कोणीतरी चोरून खाऊ घालत असणार असे मी गृहीत धरले आणि रोख आजोबांकडे ठेवून बोललो. ते काही बोलले नाहीत. घरी जाऊन त्यांनी वहीची पाने तपासली आणि दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन आले. स्वयंपाकघरातील वजनकाटा बंद पडल्याने सर्वजण पुन्हा वाटीने मोजू लागले होते. वाटी ११० ग्रॅमांची असे गृहीत धरले होते. मी ती माझ्या काट्यावर भरून पाहिली. सपाट भरली तर ११२ ग्रॅम, शिगोशिग भरली तर १४६. दिवसाला पाच वाट्या धरल्या तर रोजचे १७० ग्रॅम जास्तीचे जात होते. मी आजोबांची माफी मागितली. तेव्हापासून मी कोणत्याही मोठ्या जातीच्या पिल्लासाठी खाद्य वाटीने मोजू देत नाही.

पाठपुरावा

वाढीची पट्टी अकाली बंद होत नाही ना हे पाहण्यासाठी सुरुवातीला दर तीन आठवड्यांनी तपासणी ठेवली. लंगडणे पाचव्या आठवड्यात पूर्ण थांबले. सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेमध्ये डावीकडची ज्योत निम्म्याहून कमी झाली होती, बाराव्या आठवड्यात तिची फक्त अंधूक खूण उरली होती. डाव्या मनगटाचा कल सहा महिन्यांच्या वयात ८ अंशांवर आणि वर्षाच्या शेवटी ५ अंशांवर आला. हे सारे श्रेय आहाराचे, असे मी म्हणणार नाही. सौम्य स्वरूपातील असे दोष काही पिल्लांत वाढीबरोबर आपोआपही सुधारतात. परंतु कारण चालू ठेवून सुधारणेची वाट पाहणे मला कधीच मान्य झाले नसते.

सहा महिन्यांनंतर जेवणे दोनवर आणली. खच्चीकरण केव्हा करावे हा प्रश्न आठव्या महिन्यात आला. वाढीच्या पट्ट्या बंद होईपर्यंत ते लांबवायचे ठरवले. नवव्या महिन्यात शेराची कानउघाडणी करावी अशी वेळ पुन्हा आली. शिकलेले ‘बस’ तो ऐकेनासा झाला, दारात पुन्हा उड्या सुरू झाल्या. घरचे निराश झाले, पण वयात येणाऱ्या कुत्र्यात असे घडतेच. आम्ही पट्टा पायाखाली धरण्यापासून सारे पुन्हा सुरू केले आणि या वेळी तीन आठवडेच लागले.

अठराव्या महिन्यात वजन ६१ किलो आणि शारीरिक गुणांक ५ होता. एक्स-रेमध्ये वाढीच्या पट्ट्या बंद झालेल्या दिसल्या, तेव्हा प्रौढ खाद्यावर नेण्यास सुरुवात केली. डावा पंजा अजूनही उजव्यापेक्षा किंचित बाहेर पडतो आणि तो तसाच राहील. त्यामुळे मनगटाचा सांधा लवकर झिजू नये म्हणून वजन याच पातळीवर ठेवायचे आहे, आणि नितंब व कोपरांचे एक्स-रे दोन वर्षे पूर्ण झाल्यावर घ्यायचे आहेत. त्या भेटीत शेरा टेबलाशेजारी चारही पाय जमिनीवर ठेवून उभा राहिला. मुलीने तळहात पुढे केला, त्याने हनुवटी टेकवली आणि मी डाव्या मनगटाचा कल मोजला. तो ५ अंशांवरच स्थिर होता.